मुंडकं तुमचं, खडे आमचे

कोलाघाट
११ जुलै १९९३

श्रीचरणेषु मास्टरमशाय,

आधी बातमी, मग प्रणाम. रागावू नका, पण बातमी पोटात राहत नाहीये. रूपनारायणात हिलसा चढायला लागला! परवा हाबुलदा आपली प्रयोगशाळेची होडी घेऊन पुलाखाली गेला होता, तो परत आला तोच ओरडत. मला वाटलं होडी बुडाली. होडीत बघते तर हा एवढा चकचकीत मासा! मी तिथेच घाटावर उडी मारली आणि चप्पल चिखलात गेली. ती अजून मिळालेली नाही.

आता प्रणाम. गुडघे कसे आहेत? छातीचं दुखणं? बिलासपूरला उकाडा कमी झाला का?

मास्टरमशाय, हेच ते वर्ष! तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सोडलेली पिल्लं जगली असतील तर आता तीन वर्षांची झाली. समुद्र बघून माहेरी यायचं त्यांचं वय झालं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचंच काम आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगता सांगता माझ्या जिभेला वळण पडलंय. "पिल्लू नखाएवढं, त्याला खुणेचा बिल्ला लावणार कुठे? म्हणून त्याला रंगीत पाण्यात बुडवायचं. माशाच्या कानात एक पांढरा खडा असतो, त्यावर लाल कडं उमटतं आणि जन्मभर राहतं. मासा मोठा झाला की खडा काढायचा, घासून पातळ करायचा, आणि आमच्या खास उजेडात बघायचा. कडं दिसलं, की तो आमचा!" असं एक जरी कडं दिसलं, तरी आपल्या उबवणीतली पिल्लं घरी परततात हे सिद्ध होईल.

पण खडा असतो मुंडक्यात. आणि मुंडकं मागायचं कुणाकडे? बंगाल्याकडे! बाजारात एका बाईंना विनवलं, तर म्हणाल्या, "घरातला नवरा घेऊन जा, परत आणून सोडला नाहीत तरी चालेल. मुंडकं नाही." पांचूगोपाल आडत्या म्हणतो, "दीदी, मुंडकं नसलेला हिलसा विकायचा म्हणजे नवरदेव नसलेली वरात काढायची." दिवसभर हिंडले तर दोन मुंडकी मिळाली, आणि त्यांतलं एक मांजरानं पळवलं.

बाकी सगळे मजेत. आपल्या दीपंकरचं लग्न ठरलं, याच श्रावणात! मुलगी बर्दवानची, गणितात एम. एस्सी. त्याला आता आकडेमोड दोनदा तपासून घ्यावी लागेल. हाबुलदाला चष्मा लागला, पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" विनोदबाबू अजून टंकयंत्राला शिव्या घालतात. कलकत्त्याचे मोठे साहेब येऊन गेले. चहा प्यायले, खूप कौतुक केलं.

तुमची
सुतपा


बिलासपूर
२० जुलै १९९३

कल्याणीया सुतपा,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा एकटा, दुसऱ्यांदा शेजारच्या सान्यालबाबूंना ऐकवायला, पुढच्या दोन वेळा कारण नसताना. सान्यालबाबू रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, त्याला पाण्यात काय चालतं ते कळत नाही, पण हिलशाचं नाव ऐकून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. इथे जो हिलसा येतो तो बर्फात इतके दिवस झोपलेला असतो की त्याला उठवायला डॉक्टर लागेल.

आणि मला तोही मिळत नाही. सूनबाईनं हिलसा बंद केलाय. डॉक्टर म्हणाला, तेल कमी करा. सूनबाईनं ऐकलं, हिलसा बंद करा. मला दुधात शिजवलेला भोपळा मिळतो. बारिसालच्या गुहठाकुरता घराण्यातला माणूस, ज्याच्या आजोबांनी पानात हिलसा नाही म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठून जाऊन आपला मान राखला, तो दूध-भोपळा खातो. पण सूनबाई मनानं फार चांगली आहे. ती नसती तर मी गेल्या हिवाळ्यातच गेलो असतो. मी तिला शब्द दिलाय, तो पाळतो.

तुला मुंडकी मिळत नाहीत याचं कारण उघड आहे. तू घोटी. नदीच्या या बाजूचे तुम्ही लोक, कोळंबी खाऊन वाढलेले. हिलशाच्या मुंडक्यापुढे माणसाचं मन कसं होतं ते तुला काय कळणार? आम्हा पूर्वेकडच्या बांगाल माणसांना विचार. मुंडकं मागू नकोस. दुसरी काही वाट काढ.

अठरा वर्षं मी पिल्लं सोडली, सुतपा. दर पावसाळ्यात खडे बघितले. सगळे पांढरे. दिल्लीच्या एका बैठकीत एकजण म्हणाला होता, "गुहठाकुरता, हिलसा म्हणजे गाय नव्हे, तिन्हीसांजेला गोठ्यात यायला." सगळे हसले होते, मीसुद्धा. घरी येऊन मात्र जेवलो नव्हतो. शेवटच्या दिवशी, आठवतं? मी हाबुलला म्हटलं, ही शेवटची खेप परत एकदा बुडव. सकाळी एकदा बुडवलीच आहे, चार दिवसांनी आणखी एकदा. तुम्ही सगळे हसलात, म्हातारा निरोपाच्या दिवशी चळला म्हणून. मला वाटलं, एक कडं पुसट उमटलं तर दुसरं तरी दिसेल. वेडच ते.

आणि एक विचारतो. साहेबानं कौतुक केलं म्हणतेस. कोणत्या शब्दांत केलं?

आशीर्वादक
नीरदवरण गुहठाकुरता


कोलाघाट
८ ऑगस्ट १९९३

श्रीचरणेषु मास्टरमशाय,

मी खुर्चीवर बसून लिहीत नाहीये, उभी राहून लिहितेय, कारण बसवत नाही! ऐका.

लग्नाआधी दीपंकरला केळवण करायचं ठरलं. विनोदबाबूंच्या बायकोनं स्वयंपाक हातात घेतला. आणि बर्फाच्या पेटीतून मासे काढताना त्या माउलीनं आपला तपासायचा मासाही काढला! वर चिठ्ठी बांधली होती, ती सोडून बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मला वाटलं भाव लिहिलाय." पुईच्या पालेभाजीत मुंडकं शिजवलं आणि रिवाजाप्रमाणे ते कुणाच्या पानात? नवरदेवाच्या!

मी हात धुऊन येते तर दीपंकर डोळे मिटून मुंडकं चोखतोय आणि पेटी रिकामी. मी जी किंचाळले! "थांब! गिळू नकोस! थुंक!" त्याचे डोळे पांढरे. विनोदबाबूंच्या बायकोला वाटलं जेवणात पाल पडली. मी त्याच्या तोंडापुढे हात धरला, आणि बायका माझ्या अंगावर आल्या, "नवरदेवाच्या तोंडचा घास काढतेस? अवदसा!" मी म्हटलं, काही म्हणा, मला खडे हवेत. शेवटी पानात काट्यांच्या ढिगात दोन्ही मिळाले. धुतले, तर चकचकीत!

त्यांवर कडं नव्हतं. पण मास्टरमशाय, खडा शिजूनही अख्खा होता! मग मला झोप येईना. आपल्या तळ्यात खुणेचे मासे वाढवलेत ना, त्यांतला एक आईकडे नेला. म्हटलं, मोहरीत वाफव. दुसरा तळून. तिसरा पुईच्या भाजीत. आई म्हणाली, "संशोधन करतेस की डोहाळे लागलेत?" सगळ्यांचे खडे काढले, घासले, उजेडाखाली धरले. लाल कडं जसंच्या तसं! तेलानं नाही गेलं, मोहरीनं नाही, चाळीस मिनिटांच्या वाफेनं नाही!

म्हणजे मुंडकं मागायचंच नाही. त्यांनी ते खुशाल खावं, चोखावं, चाटावं, आणि खडे तेवढे आम्हाला द्यावेत! तुम्ही म्हणालात ना दुसरी वाट काढ? ही घ्या वाट. हाबुलदानं घाटावर पाटी लावली: "मुंडकं तुमचं, खडे आमचे." रिकाम्या काडेपेट्या वाटल्या. त्यात खडे टाकायचे, मासा कुठल्या घाटावरचा ते वर लिहायचं. दुसऱ्याच दिवशी न्हाव्याच्या दुकानात काडेपेट्यांची उतरंड! शाळेच्या बाई वर्गातून गोळा करून आणतात. एका आजोबांनी तर दात पाठवला. म्हणाले, चुकून आला असेल, पण तपासा.

दीपंकरचं लग्न थाटात झालं. नवरीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या थुंक म्हणणाऱ्या बाई कोण?" विनोदबाबू मेदिनीपूरला गेले, स्वतःहून बदली मागून घेतली. टंकयंत्रही घेऊन गेले, त्यांचा जीव होता त्यावर.

तुमची
सुतपा


बिलासपूर
१७ ऑगस्ट १९९३

कल्याणीया सुतपा,

शाबास! शाबास! शाबास! मी हे तीनदा मोठ्यानं म्हटलं आणि सूनबाई नाडी बघायला धावत आली. अठरा वर्षं मी लोकांशी मुंडक्यासाठी भांडलो आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही! खडा शिजवून बघावा असं मला का सुचलं नाही ते सांगतो. मी मुंडकं इतक्या मनापासून खात असे की त्या वेळी मी शास्त्रज्ञ नसे. आता माझी घोटींबद्दलची सगळी विधानं मागे. एक राहू दे: कोळंबी हा किडाच.

आता दुसरं. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

विनोदची सासुरवाडी मेदिनीपूरला. सासूच्या धाकानं तो माणूस आयुष्यभर त्या दिशेला पाय करूनसुद्धा झोपला नाही. तो स्वतःहून तिकडे बदली मागेल? आणि सरकारी टंकयंत्र जीव आहे म्हणून घरी नेता येतं? माझ्या नोकरीत तीन प्रयोगशाळा बंद होताना मी बघितल्या. पहिल्यांदा टंकयंत्र जातं, मग कारकून, मग तरुण माणसं, मग दिवे.

माझी छाती दुखेल म्हणून सांगत नाहीस, हे कळतं मला. पण न सांगितल्यानं जास्त दुखते. सगळं लिही.

नीरदवरण गुहठाकुरता


कोलाघाट
१२ सप्टेंबर १९९३

श्रीचरणेषु मास्टरमशाय,

खरं लिहिते. साहेबांनी कौतुक केलं नव्हतं. चहा प्यायले होते, तेवढं खरं. म्हणाले, "इतकी वर्षं पिल्लं सोडताय, एक तरी परत आल्याचा पुरावा दाखवा. दुर्गापूजेपर्यंत मुदत. नाहीतर कुलूप." हे आषाढातच झालं, माझ्या पहिल्या पत्राच्या आधी. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. मला क्षमा करा.

दीपंकरला फराक्क्याला टाकलं. तो आणि त्याची बायको गेली तेव्हा मी हसत निरोप दिला आणि मग मायक्रोस्कोपच्या खोलीत बसून रडले. आता इथे मी आणि हाबुलदा. मला कुठे पाठवणार माहीत नाही. ते महत्त्वाचंही नाही. कुलूप लागलं की तळ्यातले मासे, उबवणी, सगळं जाईल, आणि तुमची अठरा वर्षं एका ओळीत संपतील: काही निष्पन्न झालं नाही. तेवढी ओळ मला कुणाला लिहू द्यायची नाहीये.

पण आनंदाची गोष्ट अशी, की गाव पेटलंय! परवा फुटबॉलात ईस्ट बेंगॉल जिंकलं, म्हणजे तुमची माणसं हिलशावर तुटून पडली, आणि दुसऱ्या दिवशी मला पोतं भरून काडेपेट्या! हाबुलदा म्हणतो, आता मोहनबागानला वर्षभर हरू दे. (मी घोटी असून गप्प बसले, बघा विज्ञानासाठी काय काय सोसते.) पांचूगोपाल मासा विकताना गिऱ्हाइकाला दम भरतो, "खडे आणून दे, नाहीतर उद्या मिळणार नाही." सकाळपासून दिवे लागेपर्यंत घासते आणि बघते. प्रत्येक खडा उजेडाखाली ठेवताना वाटतं, हाच! आणि पांढरा. पण पुढचा ठेवताना परत वाटतं, हाच! मला स्वतःचंच नवल वाटतं.

आणखी एक. हाबुलदाचा मेहुणा रेल्वेत गार्ड आहे. त्याच्याबरोबर बर्फाच्या डब्यातून तुम्हाला एक हिलसा पाठवतेय. आजच पुलाखाली मिळाला, या मोसमातला सगळ्यांत देखणा, पाठीवर निळी झाक. मी सुरी हातात घेतली होती, मुंडकं ठेवून घ्यायला. हाबुलदानं माझा हात धरला. म्हणाला, "दीदी, वडीलधाऱ्याला मुंडकं छाटलेला मासा? त्यापेक्षा नाही पाठवला तर बरं." खरंच आहे. अख्खा पाठवतेय. शब्द मोडू नका, तुम्ही नुसता वास घ्या आणि घरच्यांना वाढा. खड्यांचं काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची
सुतपा


बिलासपूर
२२ सप्टेंबर १९९३

कल्याणीया सुतपा,

अक्षर बघून घाबरू नकोस. माझ्या चष्म्याची काडी मोडली, म्हणून मी सांगतोय आणि सूनबाई लिहून घेतेय.

मासा उत्तम पोचला. गार्डबाबू स्वतः घरी आणून देऊन गेले. सूनबाई दोन दिवस रायगढला माहेरी गेली होती, मुलगा ड्यूटीवर. मी शब्दाचा पक्का माणूस. मासा सान्यालबाबूंना देऊन टाकला. मी नुसता वास घेतला. मुंडकं सान्यालबाबूंनी खाल्लं आणि काटेकुटे मांजरापुढे टाकले, त्यामुळे खडे मिळाले नाहीत. मी त्यांना फार बोललो. ऐकलं की मुंडकं पुईच्या कोवळ्या देठांबरोबर, थोडा लाल भोपळा घालून, हिरवी मिरची मोडून केलं होतं, आणि टाळूजवळचं तेल असं सुटलं होतं की भात आपोआप घशाखाली उतरत होता. असं सान्यालबाबू म्हणाले.

प्रयोगशाळेचं वाचलं. तू सांगितलंस ते बरं झालं. मला झटका वगैरे आला नाही, सूनबाई साक्ष आहे. पोरी, कुलूप लागलं तर लागलं. तू जे केलंस, गावच्या गाव कामाला लावलंस, ते मला अठरा वर्षांत जमलं नाही. त्या ओळीची काळजी करू नकोस. काही निष्पन्न न होणं हेसुद्धा आमच्या धंद्यात लिहावं लागतं.

आशीर्वादक
नीरदवरण गुहठाकुरता

ता. क. दीदी, मी सूनबाई. हे त्यांना न सांगता लिहिते. तब्येत बरी आहे. पण मासा आल्यापासून गप्प गप्प असतात. होमिओपॅथीची पेटी उशाशी घेऊन झोपतात, आणि औषध मात्र घेत नाहीत.


कोलाघाट
१० ऑक्टोबर १९९३

श्रीचरणेषु मास्टरमशाय,

संपलं. आलेल्या काडेपेट्यांतला शेवटचा खडा आज दुपारी बघितला. पांढरा.

बाहेर ढाक वाजायला लागलेत, मांडवाचे बांबू उभे राहिलेत, आणि हाबुलदा खोक्यांना दोरी बांधतोय. मध्येच थांबतो आणि सोडून परत बांधतो. म्हणतो गाठ चुकली. त्याची गाठ आयुष्यात कधी चुकली नाही. पंचमीला साहेब येऊन किल्ल्या घेणार. मायक्रोस्कोप शेवटी बांधणार आहे. उगाच.

गाव अजून काडेपेट्या आणतंय. नको म्हणवत नाही. न्हावी विचारतो, "दीदी, सापडला?" मी म्हणते, "आज नाही." उद्या असल्यासारखी.

मास्टरमशाय, एक वेडा विचार डोक्यातून जात नाही. या मोसमात आमच्या हातातून गेलेल्या माशांपैकी एकाचाच खडा बघायचा राहिला: तुम्हाला पाठवला त्याचा. सान्यालबाबूंच्या अंगणात, मांजर बसतं त्या कोपऱ्यात... नाही, राहू द्या. इतक्या दिवसांनी काय मिळणार? तुम्ही या वयात शेजाऱ्याच्या अंगणात वाकून खडे शोधाल आणि सूनबाई माझं नाव टाकतील. मी लिहिलंच नाही असं समजा.

तुम्हाला एवढं एक द्यायचं होतं. जमलं नाही. फार वाईट वाटतं.

सुतपा


बिलासपूर
१७ ऑक्टोबर १९९३

सुतपा,

हे पत्र आणि बरोबरची पुडी गार्डबाबूच्या हातात देतोय, टपालावर माझा भरवसा नाही. आधी पुडी उघड. आत होमिओपॅथीची बाटली आहे. वर नक्स व्होमिका लिहिलंय, तिकडे बघू नकोस. आत औषध नाही. खडे आहेत. दोन्ही.

सान्यालबाबूंनी काही खाल्लं नाही. त्या बिचाऱ्याला शाकाहाराची दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली. मुंडकं मी खाल्लं. घरात कुणी नव्हतं. डबा उघडला, आणि तो निळ्या पाठीचा मासा माझ्याकडे बघत होता. मी दार लावलं. पुई सान्यालबाबूंच्या वेलाची तोडली, एवढाच त्यांचा संबंध. भांडी घासून ठेवली, खिडक्या उघडल्या, शेणाच्या गोवरीचा धूर केला, आणि सूनबाईला ती सान्यालबाबूंची कहाणी सांगितली. पत्र तीच लिहीत होती, तेव्हा तुलाही तीच सांगावी लागली.

पण चष्मा तर आठवड्यात दुरुस्त झाला. मग का नाही कळवलं? हे लिहायला जड जातंय. हात सवयीनं चालले, खडे मी काढले, धुतले, बाटलीत ठेवले. आणि मग भीती वाटली. आयुष्यभर मी इतके पांढरे खडे बघितलेत की आणखी एक बघायचं बळ उरलं नव्हतं. बाटली बंद होती तोवर मी रोज सकाळी उठून म्हणायचो, असेल बाबा, लाल असेल. तेवढ्यावर दिवस चांगला जायचा. तू तिथे एकेक खडा घासत होतीस, दरवेळी हाच म्हणत होतीस, आणि मी इथे उशाशी पेटी घेऊन भ्यायलो होतो. तुझं शेवटचं पत्र वाचून माझी मला लाज वाटली.

सूनबाईला आज सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, फोडणीचा वास तीन दिवस पडद्यांना होता. मी म्हटलं, कधी सांगताय बघू." मग तिनंच पुडी शिवली.

पांढरा निघाला तरी कळव. पांढरा निघाला तर जास्त लगेच कळव. मी बसून वाचेन, घाबरू नकोस.

नीरदवरण


कोलाघाट
विजयादशमीचा दुसरा दिवस, २५ ऑक्टोबर १९९३

श्रीचरणेषु मास्टरमशाय,

विजयेचा प्रणाम! माझा, हाबुलदाचा, विनोदबाबूंचा, फराक्क्याहून दीपंकरचा आणि त्याच्या गणितवाल्या बायकोचा, पांचूगोपालचा, न्हाव्याचा, शाळेच्या बाईंचा, दात पाठवणाऱ्या आजोबांचा! सगळे इथेच आहेत, खिडकीतून डोकावून म्हणतायत, माझा लिहिलास का, माझा लिहिलास का. तार मिळालीच असेल. तारेत काय मावतं? आता नीट ऐका. बसा. सूनबाई, त्यांना बसवा!

चतुर्थीला दुपारी गार्डबाबूंनी पुडी दिली. मायक्रोस्कोप बांधून झाला होता. हाबुलदानं सगळ्या दोऱ्या कापल्या. मी खडा घासायला घेतला आणि घाईत तो हातातून निसटून खाली पडला. आम्ही दोघं गुडघ्यांवर, हाबुलदा नव्या चष्म्यासकट जमिनीला नाक लावून! त्यालाच सापडला. मग मी आईची शपथ घातली हाताला, आणि घासला. उजेडाखाली ठेवला. डोळा लावायच्या आधी मी म्हटलं, हाच.

लाल!

मी ओरडलेसुद्धा नाही, मास्टरमशाय. डोळा भिंगावरच ठेवला. हाबुलदा म्हणाला, "पांढरा ना? असू दे दीदी, असू दे." मी त्याची मान धरून भिंगावर वाकवली. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दीदी, दोन का दिसतात? चष्म्यामुळे?"

चष्म्यामुळे नाही! दोन कडी आहेत! एक आत, एक बाहेर, मधे चार दिवसांची वाढ. तुमची शेवटची खेप, मास्टरमशाय! जी तुम्ही परत बुडवायला लावलीत आणि आम्ही हसलो! दुसऱ्या कुठल्याही खेपेला दोन कडी नाहीत. हा तुमच्याच हातचा मासा. तीन वर्षं समुद्रात राहिला, रूपनारायणला परत आला, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून रेल्वेत बसून बिलासपूरला तुमच्या घरी आला! आणि आम्ही काखेत कळसा ठेवून गावभर काडेपेट्या फोडत होतो. हाबुलदा तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहून रडला. मीही रडले. मग हसलो. मग परत.

पंचमीला साहेब किल्ल्या घ्यायला आले. मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि मुंडकं कुणी खाल्लं ते सांगितलं. त्यांनी बघितलं. मान वर केली, चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं आता विचारतील, पुरावा कसा, साक्षीदार कोण. त्यांनी विचारलं, "मुंडकं कशात केलं होतं?"

मी म्हटलं, "पुईत. लाल भोपळा घालून."

"मिरची मोडून?"

"मोडून."

"हं," म्हणाले, आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "पुढचे तीन मोसम चालू दे. मी बघतो वर काय सांगायचं ते." जाताना दारातून वळून हाबुलदाला म्हणाले, "एक काडेपेटी मलाही द्या."

विनोदबाबू अष्टमीलाच परत आले, टंकयंत्र डोक्यावर घेऊन. आज सुट्टी असून अहवाल टंकायला बसलेत. आत्ता त्यांनी हाक मारून विचारलं, "दीदी, 'मासा कुठे आढळला' इथे काय घालू? रूपनारायण की बिलासपूर?"

मी सांगितलं, "खरं तेच घाला. मास्टरमशायांच्या पानात."

विनोदबाबूंनी तसंच टंकलंय.

तुमची
सुतपा